कपाटामागची भिंत

स्वतःचं घर घेऊन चार पावसाळे उलटले, तरी चष्मेवाल्यानं त्या घरात एक खिळा ठोकला नव्हता. कॅलेंडर फ्रीजला चुंबकानं लटकवलेलं, आरसा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि बायकोच्या बालवाडीतल्या पोरांनी रंगवलेली चित्रं दारामागं चिकटपट्टीनं लावलेली. चिकटपट्टीही साधी नाही. सोलली तर रंग निघत नाही अशी एक मिळते, ती तो तीन दुकानं पालथी घालून आणायचा. बायकोनं वैतागून त्याचं नाव 'भाडेकरू' ठेवलं होतं. "भाडेकरू, चहा झालाय," अशी हाक आली की तोही निमूटपणे उठून स्वयंपाकघरात जायचा.

दुकानात मात्र हाच माणूस वाघ. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात तो काउंटरमागं बसायचा, डोळ्याला भिंग लावायचा आणि मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू पहिल्या झटक्यात जागेवर बसवायचा. मोडलेल्या काड्या, सैल झालेल्या बिजागऱ्या, लहान मुलांनी बसून चपट्या केलेल्या फ्रेमा, काहीही आणा. "होऊन जाईल," एवढंच म्हणायचा आणि खरंच होऊन जायचं. आता असे हात असलेला माणूस घरातला टपकणारा नळ बघून त्याखाली बादली का ठेवतो, हे त्याच्या बायकोला लग्नाच्या एवढ्या वर्षांत उमगलं नव्हतं. ती वाढली स्वतःच्या घरात. तिला कुठून कळणार!

तो वाढला भाड्याच्या खोल्यांमध्ये. आई लवकर गेली, वडिलांची नोकरी फिरतीची, आणि त्याला वाढवलं ते मोठ्या बहिणीनं. ताई त्याच्याहून बरीच मोठी. खोली बदलली की ती पहिल्या दिवशी त्याला समोर उभं करून बजावायची, "छोट्या, भिंतीला हात लावायचा नाही आणि मालकाच्या कानावर काही घालायचं नाही." कारण एकदा वडिलांनी मालकाला सरळ सांगितलं होतं, छप्पर गळतंय. मालक म्हणाला, मग कोरडी जागा बघा. आणि बघावीच लागली. त्यानंतर त्यांच्या घरात काही बिघडलं की दुरुस्त करायचं नसे, लपवायचं असे. गळलं की खाली भांडं. ओल आली की पुढं कपाट. मालक आला की ताई हसून दारातच उभी राहायची, आणि छोट्या आत, कपाटाला पाठ लावून.

ताई पुढं टंकलेखिका झाली. कचेऱ्यांच्या टंकलेखन-स्पर्धेत पहिली आली तेव्हा तिला बक्षीस मिळालं एक लंबकाचं घड्याळ. काचेचं दार, पितळी लंबक, तासाला टोले. हे घड्याळ भिंतीवर सरळ टांगलं तरच चालतं. आडवं ठेवलं की मुकं. आणि भिंतीला तर खिळा मारायचा नाही! त्यामुळं ते बक्षीस मिळाल्या दिवसापासून रजईत गुंडाळून ट्रंकेत पडलेलं. सामान हलवायची वेळ आली की ताई बाकी सगळं गाडीत टाकायची आणि घड्याळ मांडीवर घ्यायची. तिनं लग्न केलं नाही, निवृत्त झाली तरी दुसऱ्या गावात एका भाड्याच्या खोलीतच राहत होती, आणि घड्याळ अजून ट्रंकेतच होतं.

तर अशा घरातून आलेल्या माणसाच्या मागच्या खोलीत दुसऱ्या पावसाळ्यात ओल आली. वर छताच्या कोपऱ्यात सुरू झाली आणि भिंतीवरून खाली उतरली. चष्मेवाल्यानं काय करावं? बायको बालवाडीत गेलेली बघून त्यानं एकट्यानं लोखंडी कपाट ढकलत ढकलत त्या भिंतीपुढं नेलं. बायकोनं संध्याकाळी बघितलं आणि म्हणाली, "कपाट चालायला लागलं वाटतं?"

"खोली मोठी दिसते तशी," तो म्हणाला.

खोली मुळीच मोठी दिसत नव्हती. पुढच्या पावसाळ्यात ओल कपाटाच्या डाव्या बाजूनं डोकवायला लागली, तेव्हा त्यानं तिथं छत्र्यांचा स्टँड ठेवला. असं हे भिजत घोंगडं पडून राहिलं.

मग एके सकाळी ताईचा फोन आला.

"छोट्या, माझ्या मालकाचा मुलगा परत येतोय. त्याला खोली हवीय. उन्हाळा संपायच्या आत रिकामी करायचीय."

"मग इकडं ये की! मागची खोली तुझीच आहे."

"ती ओली आहे रे."

"कुणी सांगितलं?"

"गेल्या वर्षी राहून नाही का गेले? रात्रभर खोकत होते. आणि कपाट असं मध्येच कुणी ठेवत नाही, छोट्या. मीच शिकवलंय तुला." ती हसली आणि त्या हसण्यातच तिला ठसका लागला. "माझी छाती आता ओल सहन करायची नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मी वृद्धाश्रमात नाव घातलंय. जागा चांगली आहे, स्वच्छ आहे. भिंतींना खिळे मारू देत नाहीत म्हणे, पण त्याची आपल्याला सवय आहे."

"आमची खोली घे. आम्ही मागं झोपतो."

"तुम्हाला ओलीत झोपवून मी कोरड्यात झोपू? काहीतरीच बोलतोस."

फोन ठेवल्यावर तो मागच्या खोलीत कपाटापुढं जाऊन उभा राहिला. जिनं सगळा जन्म परक्या भिंतींमध्ये काढला आणि त्यातून त्याला मोठं केलं, ती म्हातारपणीही परक्या भिंतींमध्येच जाणार. का, तर तिच्या भावाच्या घरात ओल आहे आणि भावानं त्या ओलीपुढं कपाट सरकवलंय. त्याला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. "ती इथंच येणार," तो बायकोला म्हणाला. "उन्हाळा संपायच्या आत ती खोली कोरडी झाली पाहिजे."

"झाली पाहिजे हे खरं," बायको म्हणाली. "करणार कोण?"

त्यानं केलं ते अस्सल भाडेकरूचं काम. दुकानातून भारीतला रंग आणला आणि ओलीवर दोन हात मारले. भिंत अशी दिसायला लागली की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आठवडा उलटतो न उलटतो तोच रंगाला फोड आले, मग ते फुटले, आणि आतून आधीची ओल जशीच्या तशी बाहेर बघत होती. त्यानं कपाट परत पुढं लावलं.

नेमक्या त्याच सुमारास जुन्या मालकीणबाई आल्या. हे घर त्यांच्याकडून घेतलेलं. बाई शाळेत कवायत शिकवायच्या. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी बोलताना गळ्यात शिट्टी असल्यासारख्या बोलायच्या. अंगणातलं लिंबाचं झाड त्यांनी लावलेलं, त्याची एक फांदी कलमासाठी हवी होती. दारात त्यांना बघताच चष्मेवाला हातातलं सोडून उठला. तो पुढं झाला, हसला, आणि बाई आत येताच पाय नेतील तिकडं गेला. पाय त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथं तो कपाटाला पाठ लावून उभा राहिला.

बाई मागोमाग आल्या. त्यांनी नाक वर केलं. "ओलीचा वास येतोय."

"छे हो! सगळं जसंच्या तसं ठेवलंय. कुठं ओरखडासुद्धा नाही."

"बाजूला व्हा."

"बाई, खरंच काही नाही. आम्ही खिळासुद्धा मारला नाही."

"अहो!" दारातून बायकोचा आवाज आला. बालवाडीत एखादं पोर खडू खाताना सापडलं की ती ज्या आवाजात बोलायची तोच हा आवाज. "घर आपलं आहे. आपण विकत घेतलंय. बाई नुसती लिंबाची फांदी न्यायला आल्यात."

मग बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की खिडकीतला कावळा उडाला. चष्मेवाला कानापर्यंत लाल झाला, पण बाजूला झाला. तिघांनी मिळून कपाट ओढलं. भिंत बघून बाईंचं हसणं मावळलं.

"किल्ल्या दिल्या त्या दिवशी मी तुम्हाला घरभर फिरवून सगळं सांगितलं होतं. गच्चीवरची जाळी पावसाळ्याआधी साफ करायची, टाकी धुवायची, कठड्याच्या कडा बघायच्या. तुम्ही मान हलवत होतात."

हलवत होता खरा. पण त्यानं ऐकलं होतं वेगळंच. आजवर ज्या ज्या मालकानं त्याला खोली दाखवली, त्यानं कशाला हात लावायचा नाही तेच सांगितलं होतं. बाई 'जाळी, टाकी, कठडा' म्हणाल्या, तेव्हा त्यानं मनोमन नोंद केली की या तीन गोष्टींच्या जवळपास फिरकायचं नाही. आणि चार वर्षं त्यानं तो नियम काटेकोर पाळला होता.

गच्चीवर गेल्यावर त्याचं फळ समोर दिसलं. पाणी जायच्या तोंडावरची जाळी पानांनी, पिसांनी आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीनं गच्च बसली होती, आणि त्या सगळ्यातून एक रोपटं मजेत वर आलं होतं. कठडा आणि गच्ची जिथं मिळतात तिथं सिमेंटची गोलाई असते, गवंडी तिला वाटा म्हणतात. मागच्या खोलीच्या बरोबर वर तो वाटा लांबलचक तडकला होता.

"पावसाळाभर इथं तळं साचत असणार," बाई म्हणाल्या. "आणि ते तळं हळूहळू तुमच्या खोलीत उतरतंय. गवंडी बोलवा."

गवंडी आला, त्यानं वरून बघितलं, खालून बघितलं आणि हात वर केले. पावसाळ्यापूर्वी त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. "आधी कबूल केलेल्या घरांची कामं पडलीत," तो म्हणाला, "तुमचं पावसाळ्यानंतर बघू." दुसराही तेच म्हणाला. आता काय? ताईचा उन्हाळा तर सरत चालला होता.

"स्वतः करा," बाई म्हणाल्या. "हात आहेत ना? पण एकदम गच्चीवर चढू नका. आधी खालचं शिका. नळापासून सुरुवात."

नळाची सुरुवात जी झाली, ती त्या घरात अजून सांगतात. चष्मेवाल्यानं दुकानातून नवा वायसर आणला, पाना आणला, बाथरूमच्या नळापुढं बैठक मारली आणि नळाचं डोकं फिरवलं. दोन वेढे, तीन वेढे, आणि चौथ्याला नळाचं डोकं हातात आलं आणि पाणी थेट छतावर. तो अंगठ्यानं दाबतोय, पाणी बोटांमधून चहूबाजूंनी उडतंय, चष्म्यातून काही दिसत नाही. बायको धावत आली.

"अहो, बाहेरचा मोठा व्हॉल्व्ह बंद नाही केला?"

"तिथं हात लावायचा नाही!"

"का?"

"तिथं लिहिलंय!"

लिहिलं होतं हे खरं. अंगणातल्या व्हॉल्व्हच्या झाकणावर बाईंनी पूर्वी कधीतरी, उन्हाळ्यात घरी कवायतीला येणाऱ्या पोरांसाठी, लाल रंगानं लिहून ठेवलं होतं: हात लावू नये. बायको आधी पळत जाऊन व्हॉल्व्ह बंद करून आली, आणि मग ओल्या फरशीवर बसून पोट धरधरून हसली. तोही शेवटी हसला. त्या संध्याकाळी त्यानं ती लाल अक्षरं काचकागदानं घासून काढली. नळाला वायसर बसवला, व्हॉल्व्ह सोडला आणि कान लावून बसला. एक थेंब नाही. त्यानं बादली उचलून अंगणात उपडी घातली.

एकदा नळ सुटला म्हटल्यावर माणूस सुटलाच. दरवाजाच्या बिजागऱ्यांना तेल. खिडकीची कडी सैल होती, ती तर दुकानातल्या चष्म्याचीच मोठी बहीण, चुटकीसरशी बसली. मोरीचं तोंड उघडून त्यातला केसांचा गोळा काढला, तेव्हा बायको नाकाला पदर लावून लांबून बघत होती आणि तोंडानं वाहवा करत होती. टाकीतला बॉल अडकून पाणी वाहून जायचं, तो त्यानं सोडवला, टाकीत उतरून ती आतून धुतली. बाई अधूनमधून चक्कर टाकायच्या आणि परीक्षा घेतल्यासारखं सगळं तपासायच्या. एकदा त्यानं भाबडेपणानं विचारलं, "बाई, हे सगळं एकदा नीट केलं की मग संपलं ना?"

"दात घासणं संपतं का तुमचं?" बाई म्हणाल्या.

मग त्यानं रविवारची सकाळ घराला देऊन टाकली. उठायचं, चहा घ्यायचा आणि पाना, पेचकस, तेलाची बाटली घेऊन घरभर फेरी मारायची. जाळीपासून सुरुवात आणि व्हॉल्व्हपाशी शेवट. कुठं काही कुरकुरलं की त्याचे कान टवकारायचे. बायको म्हणायची, "भाडेकरूचं काही खरं नाही, डिपॉझिट परत मिळवायचा बेत दिसतोय."

आता गच्ची. सुट्टी काढून तो वर चढला. तडकलेला वाटा छिन्नीनं उकरला, सैल सिमेंट झटकून टाकलं, ब्रशनं धूळ काढली, पाणी मारलं. मग माल कालवला, थापीनं दाबून भरला आणि बाईंनी दाखवलं होतं तसं काचेची गोल बाटली ओली करून त्यावरून फिरवली. बाटलीच्या पोटानं वाट्याला अशी सुबक गोलाई आली की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्याच कोपऱ्यात गच्चीत रोवलेली एक लोखंडी कडी होती. बाई पूर्वी उन्हाळ्यात पोरांसाठी ताडपत्री बांधायच्या, तिची. चष्मेवाल्यानं त्या कडीभोवती हळुवारपणे, अगदी नखाच्या टोकानं सारवल्यासारखा माल भरला आणि कडी जपली. पुढं आठवडाभर त्यावर ओली गोणपाटं टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिला. ओल घालवायची म्हणून ओल जपत बसायची, हे त्याला फार गमतीचं वाटलं.

परीक्षेची रीत बाईंचीच. खाली, छतावरच्या डागाभोवती पेन्सिलीनं रेघ ओढायची. वर, पाइपच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट कोंबायचा आणि गच्चीवर चार बोटं पाणी तुंबवून एक दिवस तसंच ठेवायचं. डागानं रेघ ओलांडली नाही तर जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या खोलीत गेला. डाग रेघ ओलांडून बाहेर आला होता. ओला, काळपट, हाताच्या पंजाएवढा.

ताईचा कालच फोन येऊन गेला होता. आश्रमातून बोलावणं आलं होतं, सामान बांधायला घेतलं होतं. तो वळला, भिंतीपासून लांब ओढलेल्या कपाटाला दोन्ही हात लावले आणि ढकलायला लागला. लोखंडाचे पाय फरशीवर करकरले. बायको दारात आली.

"सरकवा," ती म्हणाली. "मालक बघतील नाहीतर."

तिनं हे हसत म्हटलं नव्हतं. त्याचे हात कपाटावर तसेच थांबले. मग त्यानं कपाट सोडलं, दुकानातलं भिंग खिशात टाकलं आणि गच्चीवर गेला. बोळा काढून पाणी सोडून दिलं, गुडघ्यावर बसला, डोळ्याला भिंग लावलं आणि वाट्यावरून वीत वीत सरकत गेला. वाटा खणखणीत होता. कुठं केसाएवढी चीर नाही. तो कोपऱ्यापर्यंत आला. तिथं ती कडी. गंजून फुगलेली, आणि तिच्या फुगण्यानं भोवतीच्या सिमेंटला गोल चीर गेलेली. त्यानं चिरेवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब डोळ्यांदेखत आत गेला.

गंजलेली कडी आपण का ठेवली? हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला आणि उत्तरही लगेच मिळालं. मालकिणीची वस्तू, कशाला हात लावा! त्यानं स्वतःला एक सणसणीत शिवी दिली.

पण खरी कसोटी पुढं होती. संध्याकाळी बाई निकाल विचारायला आल्या. मालकाला त्याच्या तोंडावर 'गळतंय' असं चष्मेवाल्याच्या वडिलांनी एकदाच सांगितलं होतं. त्याला ते छप्पर आठवलं, भरलेली गाडी आठवली आणि पुढच्या गाड्यांमध्ये मांडीवर घड्याळ घेऊन बसलेली ताई आठवली.

"बाई," तो म्हणाला, "पाणी तुमच्या कडीतून येतंय."

"माझ्या कडीतून? ती मी स्वतः रोवलीय. पक्की आहे ती."

"पक्की होती. आता गंजलीय. गच्ची फोडून रोवली आणि नंतर तिच्याकडं कुणी बघितलं नाही. तुम्हीही नाही आणि मीही नाही." त्यानं एका दमात पुढचं वाक्य पुरं केलं. "मी ती काढणार आहे."

बाईंच्या भुवया वर गेल्या. शिट्टी वाजणार असं वाटलं. पण त्या तरातरा गच्चीवर गेल्या, भिंग मागून घेतलं, वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आणि मला सांगता कशाला? घर कुणाचं आहे?"

"माझं," चष्मेवाला म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. खाली लिंबाला पाणी घालणाऱ्या बायकोनं मान वर करून बघितलं.

कडी निघायला चिवट होती. त्यानं छिन्नी लावली आणि हातोड्याचे असे घाव घातले, की शेजारची माणसं खिडक्यांत आली. कडी सुटली तेव्हा तिच्याबरोबर नारळाएवढा सिमेंटचा गड्डा निघाला. बाईंनी ती कडी आठवण म्हणून पिशवीत टाकली. खड्डा भरला, बाटली फिरली, गोणपाटं पडली. पुन्हा बोळा कोंबला, पुन्हा चार बोटं पाणी. या वेळी त्यानं पेन्सिलीची रेघ डागाला अगदी चिकटून ओढली. स्वतःला सूट द्यायचीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको मागच्या खोलीत फरशीवर चटई टाकून उताणे झोपले आणि सिनेमा बघावा तसं छत बघत राहिले. वर तळं भरलेलं, आणि खाली डाग रेघेच्या आत, उलट कडेनं फिकट होत चाललेला. त्यानं स्टुलावर चढून डागावर गाल टेकवला.

"कोरडं!" तो ओरडला. "कोरडं आहे! ये, बघ!"

तिनं वर चढून हात फिरवला, मग दुसरा हात फिरवला. मग तो गच्चीवर धावला, बोळा ओढला, आणि चार बोटं पाणी गडगडत पाइपमधून खाली आलं आणि लिंबाच्या आळ्यात पसरलं. तो कठड्यावरून वाकून बघत होता आणि गल्लीतून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही सांगत होता, "टेस्ट केली! थेंब नाही!" इतका आनंद त्याला हे घर घेतलं त्या दिवशीही झाला नव्हता. मग त्यानं ताईला फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "सामान बांधलंयस ना? मग गाडी इकडं वळव."

उन्हात भिंत वाळत गेली. त्यानं फोड आलेला रंग खरवडला, भुसभुशीत गिलावा काढून नवा केला, रंगवला. कपाट त्याच्या जागी, दुसऱ्या भिंतीला गेलं. आणि ताई आली.

गाडीतून उतरली तेव्हा मांडीवरचं गाठोडं तिनं कुणाला घेऊ दिलं नाही. खोलीत शिरली, सरळ त्या भिंतीपाशी गेली आणि तळवा टेकवला. मग गाल टेकवला. वास घेतला. भाऊ दारात निकालाची वाट बघत उभा होता.

"कोरडी आहे रे," ती म्हणाली. "कपाटाविना कोरडी आहे." आणि तिचे डोळे भरून आले. जरा वेळानं नाक पुसून तिनं विचारलं, "हे घड्याळ ठेवायला एखादं फळकूट मिळेल का? ट्रंक माळ्यावर जाईल म्हणून म्हणते."

भावानं तिच्यापुढं हातोडा धरला. दुसऱ्या हातात खिळा.

"अरे! मालकाला विचारलंस का?" सवयीनं तिच्या तोंडून गेलं.

"विचारलं. मार म्हणाला."

ताईनं हातोडा घेतला. खोलीभर नजर फिरवली आणि दारामागचा कोपरा निवडला, जिथं दार उघडं असलं की कुणाला काही दिसणार नाही. तिथं तिनं खिळा धरला, डोळे बारीक केले आणि ठोकला. घड्याळ टांगलं, किल्ली दिली, लंबकाला बोट लावलं. टिक, टिक, टिक, आणि थांबलं. दाराच्या चौकटीला खेटून ते जरासं वाकडं बसत होतं.

"राहू दे," ताई म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "एक भोक पडलं तेवढं पुरे. नव्या रंगाची भिंत आहे."

चष्मेवाल्यानं घड्याळ उतरवून घेतलं आणि रजईवर ठेवलं. बहिणीच्या दंडाला धरून तो तिला पूर्वीच्या ओल्या भिंतीपाशी घेऊन गेला, जिच्यापुढं इतके दिवस कपाट होतं तिच्यापाशी, आणि मधोमध बोट ठेवलं. दारातून येणाऱ्याला पहिली दिसेल अशी जागा.

"इथं मार."

"दुसरं भोक?"

"वाकडं बसलं तर तिसरं. माल उरलाय माझ्याकडं."

ताईनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि मग जो घाव घातला तो टंकलेखनात पहिली आलेल्या बोटांचा होता. खिळा सरळ आत गेला. घड्याळ चढलं. लंबक हलला, हलत राहिला. दोघं भिंतीसमोर पलंगावर शेजारी शेजारी बसले आणि ते थांबतंय का याची वाट बघत राहिले. ते थांबलं नाही. काटे कुठल्या कुठं होते, पण कुणालाच ते लावायची घाई नव्हती.

स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली, "मालक, चहा झालाय!"

"आले, आले," ताई म्हणाली आणि हातोडा हातात घेऊनच उठली.